एल्ट्रोम्बोपॅग सुरू करण्यापूर्वीची तयारी
आयटीपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) नष्ट करते तो आजार, यात प्लेटलेट सतत कमी राहतात म्हणून रक्तविकारतज्ज्ञांनी एल्ट्रोम्बोपॅगची गोळी लिहून दिली असेल, तर सर्वांत आधी घरातल्या चहाची वेळ ठरवावी. ही गोळी अस्थिमज्जेला (हाडांच्या आतला, रक्तपेशी तयार करणारा मऊ भाग) अधिक प्लेटलेट तयार करायला लावते. पण पोटात कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम किंवा जस्त असले की ती त्यांच्याशी बांधली जाते आणि रक्तात पुरेशी उतरतच नाही. म्हणून दूध, दही, ताक, पनीर, नाचणीची भाकरी, आम्लपित्ताची औषधे, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांच्या किमान २ तास आधी किंवा ४ तासांनंतर ती घ्यावी. जेवणानंतर पान खाणाऱ्यांनी चुनाही यातच धरावा, कारण चुना म्हणजे कॅल्शियमच.

नाशिकला आमच्या घरी आईची गोळी सकाळी ६ वाजता आणि दुधाचा चहा ८ नंतर, असे ठरले होते. तरी पहिल्या आठवड्यात सवयीने तिने दोनदा गोळीपाठोपाठ चहा घेतला. मग गोळ्यांचे पाकीट चहाच्या डब्याशेजारून काढून तिच्या उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवले, आणि चूक थांबली. मधल्या वेळेत भूक लागलीच तर केळे किंवा हंगामात आपली द्राक्षे चालतात, कारण त्यांत कॅल्शियम अगदी थोडे असते.

पहिल्या गोळीपूर्वी सीबीसी (प्लेटलेटसह रक्तपेशींची मोजणी) आणि यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात आणि मोतीबिंदूसाठी डोळे दाखवावेत. यकृताचा जुना त्रास, पूर्वी झालेली रक्ताची गुठळी, कोलेस्टेरॉलची गोळी, गर्भधारणेची शक्यता, यांतले काहीही डॉक्टरांना सांगायचे राहून जाऊ देऊ नये. पुढे प्लेटलेट स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला सीबीसी, डोस ठरेपर्यंत दर २ आठवड्यांनी यकृताची तपासणी आणि नंतर दोन्ही दरमहा, असा सर्वसाधारण क्रम असतो. त्याची वही आजच घालावी आणि तारीख, आकडा, डोस एका ओळीत लिहावा.

त्या वहीतला प्लेटलेटचा आकडा दीड लाखावर, म्हणजे निरोगी माणसाइतका, जावा असा हट्ट मात्र धरू नये, हे मला आवर्जून सांगायचे आहे. रक्तस्राव टळावा इतपत, म्हणजे साधारण ५० हजारांच्या वर, प्लेटलेट ठेवणे एवढाच या औषधाचा हेतू आहे. २ लाखांच्या पुढे डॉक्टर डोस कमी करतात आणि ४ लाखांच्या पुढे गोळी काही काळ थांबवतात, कारण मग गुठळीचा धोका वाढतो. एका पायाला सूज व दुखणे, छातीत दुखणे, धाप लागणे, डोळे पिवळे होणे किंवा लघवी गडद होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. मनाने बंदही करू नये, कारण प्लेटलेट एकदम घसरून रक्तस्राव होऊ शकतो. यासाठी पाकिटात आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढचे पाकीट आणावे. अंगदुखीला ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की शेजारून या गोळीची विचारणा होऊ शकते. डेंग्यूमध्ये प्लेटलेट कमी होण्याचे कारण आणि उपचार दोन्ही वेगळे असल्याने ती कुणालाही देऊ नये.