सॅगिनॉ नदीच्या मुखाशी वॉलायचं ट्रोलिंग : या चुका टाळा

ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीतून आमिष ओढत मासे पकडणं. त्यासाठी मे महिना लागला की डेट्रॉइटच्या आसपासची मासेमारीवेडी मराठी मंडळी आय-७५ महामार्ग धरून बे सिटीकडे निघतात. टिटाबावासीसारख्या उपनद्यांत अंडी घालून परतलेला वॉलाय (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) तोवर सॅगिनॉच्या मुखाबाहेर, लेक ह्युरॉनच्या सॅगिनॉ बे या उपसागरात, सहा ते बारा फूट पाण्यात, भुकेला फिरत असतो. मासाच नाही, असं इथे म्हणायची सोय नाही. वॉलायची नुकती फुटलेली पिल्लं फस्त करणारा एलवाइफ नावाचा छोटा मासा २००३ च्या सुमारास लेक ह्युरॉनमधून जवळजवळ संपला. त्यानंतर वॉलाय इतका सावरला की २००६ मध्ये मिशिगनने बेमध्ये पिल्लं सोडणंच बंद केलं. तरीही बोटी रिकाम्या परततात. माझ्या मते बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी होते: सगळं लक्ष बोटीवर आणि स्क्रीनवर असतं, पाण्यात आमिष काय करतंय याकडे कुणी बघत नाही.

रिकामी स्क्रीन बघून जागा सोडणं

सोनार म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. आठ फूट पाण्यात २० अंश रुंद झोताच्या सोनारला तळावरचं जेमतेम तीन फुटांचं वर्तुळ दिसतं. शिवाय बोटीची चाहूल लागून मासा आधीच बाजूला सरकलेला असतो. म्हणून सोनार इथे खोली आणि तळ बघण्यापुरताच वापरा; मासे मोजायला नको.

दोरे सरळ बोटीच्या मागे सोडणं ही याच चुकीची दुसरी बाजू. बोटीने बिथरवलेल्या पट्ट्यातूनच आमिष फिरवून काय मिळणार? प्लेनर बोर्ड (दोरा बोटीपासून बाजूला नेणारी तरंगती फळी) लावा आणि दोरे ६० ते ८० फूट बाजूला जाऊ द्या. बाजूला सरकलेला मासा तिथेच असतो. मिशिगनमध्ये माणशी तीन रॉड चालतात, पण सवय होईपर्यंत दोनच लावलेले बरे.

जीपीएसवरचा वेग हाच आमिषाचा वेग मानणं

नदीच्या मुखाशी सगळ्यात जास्त मासे या चुकीपायी जातात. जीपीएस बोटीचा जमिनीवरचा वेग सांगतो, आमिषाला जाणवतो तो पाण्यातला. समजा, स्क्रीनवर ताशी दीड मैल दिसतोय आणि नदीचं पाणी अर्ध्या मैलाच्या वेगाने बाहेर येतंय. मुखाकडे तोंड करून जाताना तुमचं आमिष दोन मैलांच्या वेगाने पाणी कापतं. वळून बेकडे निघालात की तेच आमिष एका मैलावर येतं. स्क्रीनवर दोन्ही वेळा आकडा तोच! मग एका दिशेने जाताना तीन मासे लागतात, दुसऱ्या दिशेने एकही नाही, आणि आपण उगाच रंग बदलत बसतो.

एकाच दिशेला मासा लागतोय असं दिसलं की आधी वेग तपासा. बोटीच्या कडेला, हाताच्या अंतरावर एक आमिष पाण्यात धरा आणि नीट बघा. गांडुळाच्या हार्नेसचं (गांडूळ लावायचे हुक आणि फिरतं पातं असलेला दोरा) पातं सलग फिरतंय का, की मधेच अडखळतंय? क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कृत्रिम आमिष) हलतंय की नुसतं ओढलं जातंय? जे दिसेल त्याप्रमाणे थ्रॉटल ठरवा. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर एक ते दीड मैल पुरे. जूनच्या शेवटी दोनच्या वर जायला हरकत नाही.

सरळ रेषेत न जाता हलकी नागमोडी वळणं घेत चला. वळताना आतल्या बाजूचा बोर्ड मंदावतो, बाहेरचा वेग घेतो. मासा आतल्या बोर्डला लागला तर वेग कमी करा, बाहेरच्याला लागला तर वाढवा.

तळाशी नेण्याचा सोस

वॉलाय म्हणजे तळाचा मासा, हे डोक्यात बसलेलं असतं. पण तो वर बघून झेपावतो. खाली जाणाऱ्या आमिषामागे सहसा येत नाही. आठ फूट पाण्यात पाच-सहा फुटांवर चालणारं, लहान ओठाचं (ओठ म्हणजे आमिषाला खाली नेणारी पुढची पट्टी) आमिष लावा. खोक्यावर छापलेल्या खोलीवर विसंबू नका. दोरा जाड असेल तर तेच आमिष वर राहतं. बारीक दोऱ्यावर किंवा जास्त दोरा सोडला तर आणखी खाली उतरतं. बोर्ड ठराविक लयीत हिसके देत असेल तर आमिष तळ खरवडतंय. दहा-पंधरा फूट दोरा आत घ्या.

न तपासता ओढत राहणं

नदीतून गवताचे तंतू सारखे वाहत येतात. हुकावर एवढासा तंतू अडकला तरी वॉलाय तोंड लावत नाही. बोर्ड बाकीच्यांपेक्षा मागे रेंगाळला तर गवत असेल किंवा बोटभर मासा. लगेच ओढून बघा. रॉडच्या टोकाची बारीक थरथर थांबली तरी तेच करा.

नवं क्रँकबेटसुद्धा आधी कडेला धरून तपासायचं. मागून बघताना ते उजवीकडे पळत असेल तर नाकावरची तारेची कडी पक्कडने किंचित डावीकडे वाकवा. किंचितच!

गढूळ पाण्याला घाबरणं

पावसानंतर नदीचं मातकट पाणी बेमध्ये पसरतं आणि बऱ्याच बोटी स्वच्छ पाण्याकडे पळतात. वॉलायच्या डोळ्यांत मागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक पाण्यात त्याला आपल्या सावजापेक्षा चांगलं दिसतं. अगदी दाट गढुळात शिरू नका. जिथे रंग बदलतो त्या काठाने चला. आतल्या बाजूला भडक पिवळा-हिरवा किंवा नारिंगी, बाहेरच्या बाजूला चंदेरी.

मासा लागल्यावर बोट थांबवू नका, बाकीचे दोरे सैल पडून गुंततात. हिसकाही देऊ नका.

वाऱ्याचा अंदाज बघितल्याशिवाय निघू नका. हा बे ईशान्येला उघडा आहे, आणि तिकडून वारा सुटला की उथळ पाण्यात आखूड, उभ्या लाटा झटकन तयार होतात. नैर्ऋत्येचा जोराचा वारा उलट पाणी बाहेर ढकलतो, मग सकाळी तरंगत गेलेली बोट दुपारी तळाला टेकू शकते. लाइफ जॅकेट अंगात हवं.

आणि स्वयंपाकघरातली चूक. आपल्याला डोक्याचं कालवण आवडतं, कातडीसकट तुकड्या आवडतात. पण सॅगिनॉ नदी आणि बेमध्ये डायॉक्सिन आणि पीसीबी या विषारी रसायनांचा जुना प्रश्न आहे, आणि ही द्रव्यं चरबीत साठतात. कातडी, पोटाकडचा भाग आणि चरबी काढून टाका, डोकं फेका, आणि नुसत्या मांसाच्या तुकड्या जाळीवर भाजा, म्हणजे उरलीसुरली चरबी गळून जाते. महिन्यात किती वेळा खावं हे मिशिगनच्या आरोग्य खात्याच्या 'ईट सेफ फिश' पुस्तिकेत जागेनुसार दिलेलं असतं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर ती आधी वाचा, मगच तवा किंवा जाळी तापवा.