उद्या किती लाद्या पाव लावायचे?

आधी पाया काढा, म्हणजे नेहमीच्या तशा दिवसाची विक्री. उद्या मंगळवार असेल तर मागच्या चार मंगळवारांच्या विक्रीची सरासरी घ्या, सणाचा मंगळवार वगळून. आठवडी बाजाराच्या दिवसाचा पाया वेगळा ठेवा. वहीत माल संपल्याची वेळही लिहाच. सायंकाळी पाचलाच पाव संपले तर त्या दिवशीची विक्री म्हणजे खरी मागणी नव्हे. ही नोंद नसली की अंदाज कायम कमी येतो.

सण तारखेने नव्हे, तिथीने जुळवा. गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे 14 सप्टेंबरला. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. नान, बन, खारीची तयारी त्या हिशेबाने करा. ईद चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून मैदा-तूप आणून ठेवा, पीठ मात्र खबर आल्यावरच मळा. श्रावणात बिनअंड्याचा केक वाढवा. आषाढी एकादशीला पाव निम्म्यावर आणून बघा.

हवामानाचा गुणक, म्हणजे पायाला ज्या आकड्याने गुणायचं तो, स्वतःच्या वहीतूनच काढा, लातूरचा आकडा जालन्यात चालेलच असं नाही. पावसाळी मंगळवारांची सरासरी 230 लाद्या आणि कोरड्यांची 200 असेल, तर गुणक 1.15. मे महिन्यात पारा 42 वर गेला की क्रीम केक दुपारी कमी ठेवा; गिऱ्हाईक ऊन उतरल्यावर येतं. पावसात खारी सादळते, तेव्हा मागणी असली तरी एका दिवसापुरतीच भाजा.

सण आणि पाऊस एकाच दिवशी आले तर सणाचा आणि पावसाचा असे दोन्ही गुणक डोळे झाकून गुणू नका. तसा जुना दिवस वहीत शोधा.