डायलेक्ट लिहिताना आपोआप वाढणारा क्रमांक कसा सांभाळावा

कपाशीच्या हंगामात जळगाव-धरणगावकडच्या जिनिंगवर गाडी काट्यावर चढते आणि पावती निघते. तिचा क्रमांक मुनीम टाकत नाही, डेटाबेस टाकतो. आता समजा, तो डेटाबेस पायथॉनच्या एसक्यूएलअल्केमीला (डेटाबेसशी बोलायची लायब्ररी) ओळखीचाच नाही आणि त्याचा डायलेक्ट, म्हणजे त्या डेटाबेसची बोली लायब्ररीला शिकवणारा भाग, लिहिणं तुमच्या गळ्यात पडलं आहे.

आधी त्या डेटाबेसचं मॅन्युअल उघडा आणि दोन गोष्टी शोधा: आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा (ऑटोइन्क्रिमेंट) कॉलम घोषित कसा करतात, आणि दिलेला क्रमांक परत कसा मागतात. पहिली सगळेच वाचतात. दुसरी राहते, आणि तिथेच रात्री जागाव्या लागतात.

घोषणेसाठी डीडीएल-कंपायलरचा, म्हणजे टेबल बनवायची आज्ञा तयार करणाऱ्या क्लासचा, उपवर्ग करा आणि त्यात 'गेट_कॉलम_स्पेसिफिकेशन' ही मेथड नव्याने लिहा. हा टेबलाचा ऑटोइन्क्रिमेंट कॉलमच आहे ना, हे तपासूनच खास शब्द जोडा. प्रत्येक पूर्णांकाला चिकटवत सुटू नका. तो शब्द मात्र घरोघरी वेगळा. मायएसक्यूएलमध्ये 'ऑटो_इन्क्रिमेंट', एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'आयडेंटिटी'. पोस्टग्रेसमध्ये आधी 'सिरियल' होतं, २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून 'आयडेंटिटी'ही आलं. ओरॅकलमध्ये १२सी येईपर्यंत सिक्वेन्सवरच (क्रमांक देणारा वेगळा काउंटर) भागवावं लागे. एसक्यूलाइट सगळ्यात लहरी: 'इंटिजर प्रायमरी की' लिहिलं तर क्रमांक आपसूक मिळतो, 'इंट' लिहिलं तर नाही.

आता क्रमांक परत मिळवणं. डेटाबेसला 'रिटर्निंग' (नोंद टाकता टाकताच तिचा क्रमांक परत देणं) येत असेल तर डायलेक्टमध्ये 'इन्सर्ट_रिटर्निंग' चालू करा, बरीचशी कटकट मिटते. नसेल तर एक्झिक्युशन कॉन्टेक्स्टमधली (एकेक आज्ञा चालवताना तिची माहिती धरून ठेवणारा क्लास) 'गेट_लास्टरोआयडी' लिहा. ती मुळात ड्रायव्हरच्या (डेटाबेसला प्रत्यक्ष जोडणाऱ्या लायब्ररीच्या) कर्सरकडचा, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या ऑब्जेक्टकडचा, आकडा देते. ड्रायव्हर तो देत नसेल तर त्याच कनेक्शनवर डेटाबेसला विचारा. 'सगळ्यात मोठा क्रमांक आण' ही पळवाट नको. दोन काट्यांवर एकदम गाड्या लागल्या, की एकाची पावती दुसऱ्याच्या हाती जाते.

एसक्यूएल सर्व्हरसारख्या घरात आणखी एक खड्डा आहे. पावती टाकताच ट्रिगर (डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड) हमालीच्या टेबलात नोंद करत असेल, तर शेवटचा क्रमांक सांगणारं '@@आयडेंटिटी' हमालीचा क्रमांक आणून देते. तिथे 'स्कोप_आयडेंटिटी'च वापरा.

चाचणीत दोन कनेक्शन एकाच वेळी चालवा, एकदा क्रमांक हाताने देऊन पाहा, आणि एक इन्सर्ट करून रोलबॅक करा, म्हणजे ती नोंद मागे घ्या. रोलबॅकनंतर बहुतेक डेटाबेस तो क्रमांक परत घेत नाहीत, मध्ये खाच पडते. हा तुमच्या डायलेक्टचा दोष नाही, दुरुस्त करायला जाऊ नका.

मुनीमजी मात्र विचारणारच, "भाऊ, ४७ नंबरची पावती गेली कुठं?" त्यांना सलग क्रमांक हवा असेल तर पावती क्रमांकाचा कॉलम वेगळा ठेवा. काउंटरचं छोटं टेबल करा, त्यातली ओळ लॉक करा आणि पावतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं एकत्र होतं किंवा काहीच नाही, असा गठ्ठा) आकडा वाढवा. थोडं हळू चालतं, पण दोन काट्यांच्या जिनिंगवर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.