घटसर्पाची लस: घरातलं कार्ड काढा आणि असं वाचा

माझ्या नणंदेचा भांडुपहून फोन आला, आरोग्य सेविका घरी येऊन गेली म्हणे, पोराचा पाच वर्षांचा डोस राहिलाय असं सांगत होती, पण लहानपणी सगळी इंजेक्शनं झालीयत ना वहिनी मग आता परत कशाला? मी लॅबमध्ये घशाचे स्वॅब तपासते, घटसर्प म्हणजे डिप्थेरिया, हा घशाचा जीवघेणा आजार जवळून बघितलाय, म्हणून तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर टाकतेय. कार्ड हातात घेऊन वाचा.

बाळाचं कार्ड उघडलं की आधी पेंटा शोधा, म्हणजे पाच आजारांवरची एकच लस. दीड, अडीच आणि साडेतीन महिने असे तीन डोस, पाचातला एक भाग घटसर्पाचा. हे बहुतेकांचे झालेले असतात. त्याच्या खाली बघा, डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची जी लस आपण त्रिगुणी म्हणतो तिचा पहिला बूस्टर 16 ते 24 महिन्यांत, दुसरा 5 ते 6 वर्षांत, मग 10 व्या आणि 16 व्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींची लस. रिकाम्या जागा सापडतात त्या इथेच. पोर शाळेत जायला लागलं की कार्ड रेशन कार्डाच्या पिशवीत जातं आणि दहावीच्या धांदलीत 16 वर्षांचा डोस कुणाच्या डोक्यातही नसतो.

एखादा डोस चुकला असेल तर घाबरू नका, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे. फक्त 7 वर्षांच्या वरच्या मुलाला त्रिगुणी देत नाहीत, टीडी देतात, त्यात घटसर्पाचा भाग कमी ठेवलेला असतो. जवळच्या पालिकेच्या हेल्थ पोस्टवर किंवा दवाखान्यात ही फुकट मिळते, कार्ड घेऊन जा आणि तारीख लिहूनच परत या.

आता मोठ्यांचं. पत्रा लागला, खिळा घुसला की आपण इंजेक्शन घेऊन येतो आणि समजतो झालं. ते नुसतं टीटी असेल तर त्यात फक्त धनुर्वात आहे, घटसर्प नाही! टीडी असेल तर दोन्ही. म्हणून सुई टोचायच्या आधी विचारा, टीटी की टीडी, आणि टीडीच मागा. दर 10 वर्षांनी एक. लहानपणी काहीच घेतलेलं नसेल तर तीन डोस, पहिल्यानंतर महिन्याने दुसरा आणि त्यानंतर सहा महिन्यांनी तिसरा. घरात कुणी गरोदर असेल तर तिचं टीडी अजिबात चुकवू नका, आईची प्रतिकारशक्ती बाळाला पहिले काही महिने पुरते.

परत परत का घ्यायची ते समजलं की आळस होत नाही, म्हणून जरा सांगते. घटसर्पाचा जंतू घशातच बसून राहतो, माणूस मरतो तो त्याने सोडलेल्या विषाने, ते रक्तातून हृदयाला आणि नसांना जाऊन लागतं. 1890 मध्ये बर्लिनला बेरिंग आणि किटासाटो या शास्त्रज्ञांनी दाखवलं की विष पचवलेल्या जनावराच्या रक्तातलं पाणी दुसऱ्या जनावराला टोचलं तर तेही वाचतं. तेच अँटिटॉक्सिन. 1901 चं वैद्यकशास्त्रातलं पहिलंच नोबेल बेरिंगला याच कामावर मिळालं. मग घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ते काढायला लागले, आजही औषध तसंच बनतं. पण घोड्याचं अँटिटॉक्सिन उसनं असतं, काही आठवड्यांत शरीरातून निघून जातं. 1923 मध्ये फ्रान्समध्ये रामोन या शास्त्रज्ञाने फॉर्मॅलिन आणि उष्णतेने विषाचा दात पाडला पण ओळख शाबूत ठेवली, तो टॉक्सॉइड म्हणजे आपली लस. ती घेतली की अँटिटॉक्सिन आपलं शरीर स्वतः बनवतं, फक्त वर्षं गेली की त्याचं प्रमाण उतरतं आणि बूस्टरने परत चढतं. नणंदेच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

आणि दुखणं आलंच तर. घसा दुखतोय, ताप फार नाही, पण पोर मलूल पडलंय, आवाज बसलाय, मानेला दोन्ही बाजूंनी सूज, तर मोबाईलचा टॉर्च लावून घसा बघा. टॉन्सिलवर करडा-पांढरा चिकट पापुद्रा दिसला तर तो चमच्याने, कापसाने खरवडू नका, रक्त येतं. हळद-मिठाच्या गुळण्या करत रात्र काढू नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा, संसर्गजन्य रोगांसाठी चिंचपोकळीचं कस्तुरबा आहेच.

तिथे डॉक्टर आमच्या लॅबच्या रिपोर्टची वाट न बघता अँटिटॉक्सिन सुरू करतील, गोंधळू नका, तेच बरोबर आहे. आम्ही जंतू वाढवतो, मग अँटिटॉक्सिनमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी प्लेटमध्ये ठेवतो, जंतू विष बनवत असेल तर पांढरी रेष उमटते, याला एक-दोन दिवस सहज जातात. अँटिटॉक्सिन फक्त रक्तात फिरणारं विष पकडतं, पेशीत शिरलेलं विष त्याच्या हाताला लागत नाही, म्हणून घाई. सोबत पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन लागतंच, कारण अँटिटॉक्सिनने जंतू मरत नाही. पेशंटला आधी कधी साप चावल्यावर सीरम (तेही घोड्याच्या रक्तातूनच काढतात) दिलं असेल, दमा किंवा ॲलर्जी असेल, तर विचारायची वाट न बघता सांगा, घोड्याच्या सीरमची रिॲक्शन येऊ शकते.

घरातल्या बाकीच्यांचेही स्वॅब घेतील आणि गोळ्या देतील, लस झालेली असली तरी घ्या, लस विष अडवते पण जंतू तुमच्या घशात गुपचूप राहून शेजारच्या बाळापर्यंत जाऊ शकतो. बरं होऊन घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा पाणी पिताना नाकातून यायला लागलं, आवाज नाकात गेला किंवा धाप लागली तर परत दाखवायला न्या. आणि ज्याला घटसर्प होऊन गेला त्यालाही लस द्यायचीच, नुसत्या आजाराने प्रत्येकाला पुरेशी प्रतिकारशक्ती येत नाही. डिस्चार्जच्या वेळीच विचारून पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका.