गावाच्या पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा

ताळेबंद दिवाळीच्या आत मांडायचा, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. रब्बीची पेरणी आटोपल्यावर केलेला हिशोब कागदावरच राहतो, कारण पाणी कुठे जाणार हे तोवर शेतात ठरून गेलेलं असतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची पद्धतही हीच आहे: पाऊस मोजायचा, पाणी किती साठलं ते काढायचं आणि मग पीक ठरवायचं. खाली 1000 हेक्टरच्या, 2000 वस्तीच्या, बेसाल्ट खडकावरच्या एका कल्पित गावाचं उदाहरण घेतलं आहे. आकडे आपापल्या गावाचे घाला.

आधी एकक. 1 टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे 10 लाख लिटर. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10 घनमीटर, म्हणजे 10 हजार लिटर पाणी झालं. एवढं पाठ असलं की पुढचं गणित शाळेतली पोरंही करतात, आणि त्यांनाच करू द्यावं. मोठ्यांची आकडा 'सोयीचा' करायची खोड त्यांना नसते.

पाऊस

तालुक्याचा आकडा वापरू नका. दोन डोंगरांच्या मध्ये पाच किलोमीटरवर पाऊस निम्मा होतो. गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक हवा. तो झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या. विकतचा नसेल तर 20 सेंटीमीटर तोंडाचं नरसाळं एका कॅनवर बसवा. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ 314 चौरस सेंटीमीटर असतं, म्हणून जमलेलं 314 मिलिलिटर पाणी म्हणजे 10 मिमी पाऊस. वर रुंद आणि खाली निमुळती अशी बादली ठेवून पट्टीने उंची मोजली तर आकडा चुकतो. आठवड्यातून एकदा मोजलं तर मधलं पाणी उडून जातं.

आपल्या गावात 520 मिमी पडला असं धरू. 1000 हेक्टरवर 5200 टीसीएम. आकडा दांडगा दिसतो आणि इथेच गाव फसतं. यातलं बरंच बाष्प होऊन जातं, काही नाल्याने निघून जातं, काही मातीत राहतं. आपल्या बेसाल्टात जमिनीखाली साधारण दहावा हिस्सा उतरतो असं कामचलाऊ गणित मांडतात. म्हणजे 520 टीसीएम. पण हा अंदाज झाला. पडताळा विहिरींनी द्यायचा.

विहिरी

सहा ते आठ विहिरी निवडा: काही नाल्याकाठच्या, काही माळावरच्या. सगळ्या नाल्याकाठच्या घेतल्या तर गाव कागदावर श्रीमंत होतं. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, असं वर्षातून दोनदा मोजा. वजन बांधलेला टेप काठावर रंगवलेल्या एकाच खुणेपासून सोडा आणि जोत्याची उंची वजा करा. आदल्या संध्याकाळपासून मोटर बंद हवी. उपसा चालू असताना घेतलेली पातळी विहिरीची असते, आजूबाजूच्या जमिनीची नसते. बोअरच्या पातळ्या यात मिसळू नका, बोअर खालच्या वेगळ्या थरातलं पाणी ओढत असते.

समजा सरासरी वाढ 3 मीटर निघाली. कुजलेल्या, भेगाळ बेसाल्टात 100 भाग खडकात उपसता येणारं पाणी साधारण 2 भाग असतं. मुरूम आणि मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा मऊ खडक) यांच्या थरात ते साठतं, खालच्या काळ्या पाषाणात जवळजवळ नाहीच. उघड्या खडकाचे 150 हेक्टर वगळून उरले 850. मग 85 लाख चौरस मीटर गुणिले 3 गुणिले 0.02, बरोबर 5 लाख 10 हजार घनमीटर. म्हणजे 510 टीसीएम. पावसावरून 520 आले होते, आकडे जुळले. दुपटीचा फरक पडला असता तर विहिरींचा आकडा धरायचा आणि पर्जन्यमापकाची जागा तपासायची.

इथे एक चूक हमखास होते. पाझर तलाव, नाला बंधारे यांचं मुरलेलं पाणी विहिरींच्या वाढीत आलेलंच असतं. ते पुन्हा वेगळं मांडायचं नाही. अस्तरीकरण केलेल्या, म्हणजे तळाला कापड अंथरलेल्या शेततळ्याचंही तेच. 30 × 30 × 3 मीटरच्या शेततळ्यात उतार धरून साधारण 2.2 टीसीएम पाणी मावतं, पण ते विहिरीतून उपसून भरलेलं असेल तर ती नवी जमा नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा आहे. वर रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी उन्हाने उडतं ते वेगळंच.

माती

मातीचा खड्डा घेतल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही. विहिरीपर्यंत जाण्याआधी पाणी मातीत थांबतं, आणि रब्बीची ज्वारी तिथलंच पिते. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असा 150 ते 200 मिमी ओलावा मावतो. वीतभर मुरमाड जमिनीत जेमतेम 20-25. मंगळवेढ्याची ज्वारी पाण्याची पाळी न देता येते ती या ओलाव्यावर. म्हणून गावाचा नकाशा घेऊन खोल काळी, मध्यम आणि हलकी जमीन तीन रंगांनी रंगवा. खोली पाहायला नव्या विहिरीची, चराची किंवा ओढ्याच्या काठाची कड पुरते.

पाणी किती वेगाने मुरतं तेही बघा. 30 सेंटीमीटर व्यासाच्या पाइपचा तुकडा 10-15 सेंटीमीटर जमिनीत ठोका. त्याच्याभोवती 200 लिटरच्या पिंपाचं कापलेलं कडं बसवा. दोन्हींत पाणी भरा आणि आतल्या पाइपात पट्टी उभी धरून दर दहा मिनिटांनी पातळी लिहा. बाहेरचं कडं नसेल तर आतलं पाणी आडवं पसरतं आणि आकडा फुगतो. सुरुवातीला पाणी भराभर जातं, ते मोजून पळू नका. लागोपाठ तीन-चार नोंदी सारख्या येईपर्यंत थांबा. चिकण काळ्या जमिनीत हा वेग तासाला 1 ते 5 मिमी निघतो, पोयट्याच्या जमिनीत 10 ते 20. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात ही चाचणी करूच नका. पाणी सरळ भेगेत जातं आणि काळी जमीन वाळूसारखी वागतेय असं वाटतं. भेगा मिटल्यावर करा. तासाला 5 मिमी पाणी घेणाऱ्या रानात 40 मिमीची सर तासाभरात आली तर बहुतेक पाणी बांध ओलांडणार, आणि सोबत माती नेणार. हेक्टरावरून माती नुसती 1 मिलिमीटर गेली तरी सुमारे 13 टन होते. हीच माती बंधाऱ्यात गाळ होऊन बसते. उताराला आडवी पेरणी हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

माणसं आणि जनावरं

2011 च्या जनगणनेचा आकडा तसाच उचलू नका. अंगणवाडीची यादी आणि रेशनकार्डं ताडून पाहा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गावात नसतात, ती वेगळी लिहा. जल जीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर आहे.

2000 माणसं: वर्षाला 40 टीसीएम. 600 मोठी जनावरं रोज 50 लिटरने: 11. 1200 शेळ्या-मेंढ्या 7 लिटरने: 3. एकूण 54. साठलेल्या 510 पैकी हे साधारण दहावा भागच. 'माणसं वाढली म्हणून पाणी पुरत नाही' असं चावडीवर नेहमी ऐकू येतं. बहुतेक गावांत हिशोब तसं सांगत नाही.

वाटप

शासकीय वर्गवारीत उपसा 70 टक्क्यांपर्यंत असला की क्षेत्र सुरक्षित मानतात. म्हणून 510 चे 70 टक्के, 357 टीसीएम, एवढंच खर्चाला काढा. त्यातून पिण्याचं पाणी आधी बाजूला ठेवा आणि ते जूनपर्यंतचं नको, पाऊस लांबेल हे धरून जुलैअखेरपर्यंतचं, दहा महिन्यांचं: 45. शेतीला उरले 312.

आता पाळ्यांत बोला, मिलिमीटरमध्ये शेतकऱ्याचं लक्ष लागत नाही. साडेसात सेंटीमीटरची एक पाळी म्हणजे हेक्टरी 0.75 टीसीएम. हरभऱ्याला दोन पाळ्या, 1.5. गव्हाला सहा, 4.5. कांद्याला साधारण 6 टीसीएम. उसाला पावसाळा वगळून 15 धरा. 10 हेक्टर ऊस (150), 10 हेक्टर कांदा (60), 10 हेक्टर गहू (45) आणि 38 हेक्टर हरभरा (57) केला की 312 संपले. ऊस काढून टाकला तर त्याच्या 150 टीसीएममध्ये 100 हेक्टर हरभरा भिजतो. हेक्टरभर उसाचं पाणी 55 लिटरच्या हिशोबाने 750 माणसांना वर्षभर पुरतं. ग्रामसभेत टक्केवारी सांगण्यापेक्षा हे एक वाक्य सांगा.

लोक पाळ्या कमी सांगतात, म्हणून मोटरीवरून पडताळा घ्या. 200 लिटरचं पिंप 25 सेकंदांत भरलं तर मोटर तासाला 28,800 लिटर देते. मग एका हेक्टरची एक पाळी 26 तासांची. दिवसा आठ तास वीज असेल तर सव्वातीन दिवस. कुणाची मोटर याच्या दुप्पट चालत असेल तर एकतर पाळीला पाणी जास्त दिलं जातंय किंवा क्षेत्र लपवलेलं आहे.

जानेवारीअखेर त्याच विहिरी, त्याच खुणेपासून पुन्हा मोजा. 3 मीटर वाढीपैकी दीड मीटरहून जास्त पातळी उतरली असेल तर उन्हाळी भुईमूग आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर पुन्हा घेतलेला ऊस) दोन्ही थांबवायचे, आणि कुठल्या विहिरीची पातळी किती उतरली ते ग्रामपंचायतीच्या फलकावर विहिरीनिहाय लिहायचं.