निर्मात्याची इमेज वापरून ईएसएक्सआय बसवताना : माझा अनुभव
निपाणीतील एका पतसंस्थेच्या नव्या सर्व्हरवर ईएसएक्सआय ७.० या, एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या प्रणालीची सर्वसाधारण इमेज (इन्स्टॉलेशनची फाइल) बसवू लागताच, नेटवर्क अडॅप्टर सापडत नसल्याचे सांगून इन्स्टॉलर थांबत असे. हे नेटवर्क कार्ड सुस्थितीत होते, कारण बायॉसमध्ये (सर्व्हर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ते दिसत होते आणि स्विचवरचा दिवाही लागत होता; उणीव ड्रायव्हरची, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची होती. आवृत्ती ७.० पासून लिनक्सवरून घेतलेले जुने व्हीएमकेलिनक्स ड्रायव्हर चालत नसल्याने, इमेजमध्ये जुना ड्रायव्हर घुसवण्याचा सर्रास सुचवला जाणारा उपाय येथे निरुपयोगी ठरतो.

म्हणून सर्व्हरच्या निर्मात्याने स्वतःचे ड्रायव्हर आणि हार्डवेअरवर देखरेख ठेवणारे घटक घालून तयार केलेली आयएसओ फाइल मी बेळगावच्या कार्यालयात उतरवून घेतली, तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरल्याची खातरजमा करणारा आकडा) ताडून पाहिला, आणि आधी नेटवर्क कार्ड व रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारे कार्ड) यांचे फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या आतले सॉफ्टवेअर, निर्मात्याच्या तक्त्यातील आवृत्तीपर्यंत आणले. ही पायरी अनेक जण कंटाळ्यापोटी गाळतात. मग ड्रायव्हर नवा आणि फर्मवेअर जुने राहून दोष पुढे केव्हातरी, बहुधा मार्चअखेरच्या गर्दीतच, डोके वर काढतो. रिमोट कन्सोलऐवजी (दुरून सर्व्हर हाताळण्याच्या सोयीऐवजी) पेन ड्राइव्ह वापरला, कारण तिथल्या इंटरनेटवर एवढी फाइल सोपवणे मला धाडसाचे वाटले. या वेळी कार्ड लगेच ओळखले गेले. पुढील आवृत्तीकडे जातानाही निर्मात्याचीच इमेज वापरावी, असे मी संस्थेच्या नोंदवहीत लिहून ठेवले आहे.