गाडीच्या छतावरचा तंबू: निवड, बसवणी आणि वापर

गाडीच्या छतावर बसणारा तंबू घ्यायचा विचार पक्का झाला, की दुकानात जाण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी. आपल्या गाडीचे छत किती वजन पेलते, ही पहिली. आणि भिजलेला तंबू पूर्ण उघडून वाळवायला आपल्याकडे जागा आहे का, ही दुसरी. तंबूचा रंग, खिडक्या, आतला दिवा या गोष्टींकडे लक्ष लगेच जाते. मात्र हे तंबू वाया जातात ते बहुतेक वेळा या दोन कारणांनीच.

चालत्या गाडीच्या छतावर किती भार चालतो, हे गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत ‘रूफ लोड’ म्हणून दिलेले असते. अनेक एसयूव्ही गाड्यांत ही मर्यादा ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते, काही लहान गाड्यांत ती ३० किलोंवर येते, आणि ज्या गाडीचा टप कापडी आहे तिच्यावर असा तंबू बसवताच येत नाही. या मर्यादेत तंबूबरोबर कॅरिअर, आडवे बार आणि छतावर बांधलेली इतर प्रत्येक वस्तू मोजायची असते. समजा, मर्यादा ७५ किलोंची आहे आणि छतावर २२ किलोंचे लोखंडी कॅरिअर आहे. मग ५३ किलोच उरतात आणि ६० किलोंचा तंबू त्यात बसत नाही. तेच कॅरिअर उतरवून दोन्ही मिळून ६ किलोंचे ॲल्युमिनियमचे बार लावले, तर ६९ किलो हाती राहतात आणि तोच तंबू नीट बसतो. बारांचीही स्वतःची मर्यादा असते. छताची आणि बारांची यांपैकी जी कमी असेल ती धरावी. आणखी एक गोष्ट आवर्जून तपासावी: आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवरच्या रूफ रेल, म्हणजे छताच्या दोन्ही कडांवरच्या लांब दांड्या, केवळ शोभेच्या असतात आणि त्यांना कोणताही भार सोसत नाही. रेल खालच्या पत्र्याला बोल्टने धरलेली आहे की नुसती चिकटवलेली, हे सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्यावे.

आता प्रश्न येतो, की दोन माणसे वर झोपली तर छत दबणार नाही का? गाडी चालताना खड्डे, ब्रेक आणि वळणे यांमुळे छतावर धक्के बसतात, म्हणून चालतानाची मर्यादा कमी ठेवलेली असते. उभ्या गाडीवर तोच भार शांतपणे खांबांवाटे खाली उतरतो. त्यामुळे उभ्या गाडीचे छत चालतानाच्या मर्यादेच्या कितीतरी पट वजन सोसते. पुस्तिकेत हा आकडा दिला नसेल तर मी तिप्पट धरतो, त्यापुढे जात नाही. दोन माणसांचे १३० किलो, तंबूचे ६० आणि अंथरुणा-पांघरुणाचे १० मिळून २०० होतात, म्हणजे ७५ किलोंच्या छतावर ते बसतात आणि ५० किलोंच्या छतावर बसत नाहीत. घडी उलगडून बाजूला पसरणाऱ्या तंबूत काही भार शिडीवरही जातो, परंतु हिशेब करताना त्याचा आधार घेऊ नये.

छतावर सनरूफ असेल तर बार काचेवर न टेकता दोन्ही कडांच्या पत्र्यावर टेकले पाहिजेत, आणि तंबू असेपर्यंत सनरूफ बंदच राहील हे घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवावे. उंचीही मोजून घ्यावी. १.८४ मीटर उंचीच्या गाडीवर १० सेंटिमीटरचे बार आणि ३० सेंटिमीटर जाडीचा मिटलेला तंबू चढला, की एकूण उंची २.२४ मीटर होते, आणि मॉलच्या तळघरातल्या पार्किंगचा आडवा दांडा अनेकदा त्याहून खाली असतो. सोसायटीच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तुळई आणि पाण्याचे पाइप किती खाली आहेत, हे टेप लावूनच पाहावे, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नये.

तंबूंचे मुख्य प्रकार दोन. कापडी आवरणाचा तंबू पुस्तकासारखा उलगडतो आणि त्याचा अर्धा भाग गाडीच्या बाहेर शिडीच्या आधाराने राहतो. तो स्वस्त असतो, जागा जास्त देतो, आणि बाहेर आलेल्या भागाखाली उन्हापावसात आडोसा मिळतो. कडक कवचाचा तंबू पेटीच्या झाकणासारखा वर उचलला जातो, एक-दोन मिनिटांत उभा राहतो आणि वाऱ्यात कमी फडफडतो, मात्र तो महाग असतो आणि बहुधा दोघांपुरताच असतो. दर महिन्या-दीड महिन्याने एक-एक रात्र बाहेर काढणाऱ्या जोडप्याने कडक कवचाचा घ्यावा, कारण एका रात्रीसाठी पंधरा मिनिटांची उलगडणी आणि अर्ध्या तासाची घडी नकोशी होते. मुलांसह वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्या कुटुंबाला कापडी आवरणाचा तंबू पुरतो. खरे तर पहिला मुक्काम भाड्याच्या तंबूतच करावा. शिडीवरून रात्री दोनदा उतरावे लागले, की गुडघे काय म्हणतात ते कळते, आणि लाखाच्या घरातला खर्च करण्याआधी ते कळलेले बरे.

कापडाचा विचार आपल्या हवेकडे पाहून करावा. सुती आणि पॉलिएस्टर धाग्यांच्या मिश्र विणीचे जाड कापड हवा खेळती ठेवते, उन्हात कमी तापते आणि आतून कमी घामते, पण ते जड असते आणि सावकाश वाळते. निव्वळ पॉलिएस्टर हलके असते आणि झटकन वाळते, परंतु बंद खिडक्यांत त्याच्या आतल्या बाजूने पाणी सुटते. कोकणाची दमट हवा आणि घाटमाथ्याचा पाऊस या दोन्हींसाठी भिंती मिश्र कापडाच्या आणि वरचे पावसाळी आवरण पॉलिएस्टरचे, सुटे निघणारे, अशी जोडी मला सर्वांत योग्य वाटते, कारण सुटे आवरण गॅलरीतल्या दोरीवरही वाळते.

दुकानात तंबू पूर्ण उघडायला लावावा आणि त्यात दोघांनी दहा मिनिटे आडवे व्हावे. गादीवर गुडघा टेकवून सगळा भार द्यावा. खालची फळी गुडघ्याला लागली तर रात्री कुशीला लागणारच. पावसाळी आवरणाच्या आतल्या शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का, ते बोट फिरवून पाहावे. प्रत्येक चेन दोन्ही बाजूंनी चालवावी आणि वळणावर ती अडते का ते बघावे. मच्छरदाणीची जाळी इतकी बारीक हवी, की चिलटेही आत येऊ नयेत. सांगितलेल्या वजनात शिडी, गादी आणि बसवण्याचे सामान धरले आहे का, हे विचारावे, कारण पुष्कळदा ते धरलेले नसते. शिडी आपल्या गाडीच्या उंचीला पुरते का आणि चेन, दांडे, कड्या, आवरण हे सुटे भाग दोन वर्षांनी मिळतील का, याचे उत्तर बिलावर लिहून घ्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात केलेल्या फेरफारांवर निर्बंध आहेत, म्हणून आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करून मगच पैसे भरावेत.

बसवताना किमान तिघे, जड तंबू असेल तर चौघे लागतात. छतावर जुनी सतरंजी पसरली, तर रंगाला ओरखडे पडत नाहीत. आधी बार एकमेकांना समांतर आणि शक्य तितके दूर लावावेत, मग तंबू उचलून वर ठेवावा आणि दोन्ही कडांपासूनचे अंतर टेपने मोजून तो बरोबर मध्यावर आणावा. तळाच्या पन्हळीत बोल्ट सरकवून खालून पट्ट्या लावायच्या असतात आणि ८ मिलिमीटरच्या या बोल्टांना तेरा नंबरचा पाना लागतो. चारही बोल्ट आधी हाताने घट्ट करून मग तिरक्या जोडीने आवळावेत. नट नायलॉनच्या कड्याचे, म्हणजे हादऱ्याने न सुटणारे असावेत, आणि समुद्रकाठी जाणार असाल तर स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. पहिल्या ५० किलोमीटरनंतर गाडी थांबवून प्रत्येक नट पुन्हा तपासावा, आणि पुढे प्रत्येक प्रवासाच्या सकाळी तंबू दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावा. तंबूबरोबर सगळी गाडी हलली तर ठीक, एकटा तंबू हलला तर पाना काढावा.

वर ६० किलो चढल्यावर गाडीचा तोल बदलतो. ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या घाटात वळणापूर्वीच वेग कमी करावा, ब्रेकला जास्त अंतर ठेवावे, आणि मोकळ्या महामार्गावर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, कारण मोठा ट्रक शेजारून गेला की आडव्या वाऱ्याचा झोका जाणवतो. कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर आंब्या-फणसाच्या फांद्या आणि वाडीत शिरताना आडव्या लोंबणाऱ्या वायरी, यांकडे सोबतच्या माणसाने लक्ष ठेवावे. वायर खाली वाटली तर उतरून बघावे, आणि ती विजेची असेल तर मागे फिरावे. काठीने वर उचलून गाडी काढण्याच्या फंदात पडू नये.

मुक्कामाची जागा उजेडात गाठावी. खासगी शेत असेल तर मालकाची परवानगी आणि ठरलेले पैसे आधी द्यावेत. भंडारदऱ्याच्या आसपासचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे तिथे आणि इतर वनक्षेत्रांत वन विभागाच्या परवानगीशिवाय रात्री थांबू नये. समुद्राच्या पुळणीवर गाडी नेऊ नये. ती रुतते, आणि कासवांच्या विणीच्या हंगामात तिथे अंडी असतात. सपाट, कठीण आणि पाणी साचणार नाही अशी जमीन निवडावी. वाळक्या फांद्यांचे झाड, नारळाचे झाड आणि ओढ्याचे पात्र टाळावे. गाडी समतल आहे का, हे मोबाइलवरील समतल मोजणाऱ्या ॲपने पाहावे. थोडा उतार राहिलाच तर डोक्याची बाजू वर ठेवावी. हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकांना दगड लावावेत. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून तंबूची बिजागरीची, बंद बाजू तिकडे करावी.

शिडी पूर्ण लांब करून तिच्या प्रत्येक टप्प्याची कडी ‘टक्’ असा आवाज होऊन बसल्याची खात्री करावी आणि ती जमिनीशी साधारण ७० ते ७५ अंशांचा कोन करील अशी टेकवावी. भाताच्या खाचरासारख्या मऊ जमिनीत शिडीखाली फळी ठेवावी, नाहीतर रात्रीतून शिडी खचते आणि तंबूचा तळ वाकतो. उतरताना तोंड नेहमी शिडीकडे ठेवावे. पादत्राणे खाली उघडी न ठेवता पिशवीत घालून शिडीला टांगावीत. फुरसे आणि विंचू जमिनीवर फिरतात, आणि छतावरच्या तंबूचे मोठे सुख हेच, की आपण त्यांच्या वाटेत नसतो. ते सुख सकाळी चपलेत पाय घालताना गमावू नये.

तंबूत शेगडी, मेणबत्ती किंवा निखारे कधीही नेऊ नयेत आणि खाली इंजिन चालू ठेवून झोपू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते उठवत नाही. ढगांचा गडगडाट सुरू झाला, की वाट न पाहता खाली उतरून गाडीत बसावे आणि काचा लावून घ्याव्यात. गाडीचा धातूचा सांगाडा विजेचा प्रवाह बाहेरून जमिनीकडे नेतो. वरच्या कापडी तंबूला ते संरक्षण नाही, उलट मोकळ्या माळावर तो सर्वांत उंच असतो. एप्रिल-मे महिन्यांतले वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस या दृष्टीने अधिक धोक्याचे असतात.

थंडीतही समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन बोटे उघड्या ठेवाव्यात. श्वासातली वाफ भिंतींवर आणि त्याहून जास्त गादीखाली थंड फळीवर पाणी होऊन जमते, म्हणून गादीखाली हवा खेळू देणारी जाळीदार चटई घालावी आणि सकाळी गादी उचलून फळी कोरड्या फडक्याने पुसावी.

भिजलेल्या तंबूविषयी सविस्तर सांगतो, कारण ही चूक मी केलेली आहे. जुलैमधल्या एका मुक्कामानंतर सततच्या पावसात ओलाच तंबू मिटला, घरी आल्यावर कामात गुंतलो आणि पाचव्या दिवशी तो उघडला. कुबट वास आधी आला. मग टॉर्चच्या उजेडात कोपऱ्याच्या शिवणीवर मोहरीच्या दाण्याहून बारीक काळे ठिपके दिसले, रांगेने, दोऱ्याच्या प्रत्येक टाक्याच्या भोकाशी एकेक. ओल शिवणीच्या दुमडीत सर्वांत जास्त वेळ टिकते आणि बुरशी तिथूनच धरते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी वास गेला, ठिपके मात्र फिकट होऊन राहिले. ब्लीच वापरण्याचा मोह आवरावा. त्याने डाग उडतो आणि कापडाचा जलरोधक थरही जातो.

म्हणून ओला मिटलेला तंबू २४ तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी, पूर्ण उघडावा. सोसायटीत जागा नसेल तर परतीच्या वाटेवर ओळखीच्याचे अंगण किंवा मोकळे मैदान आधीच ठरवून ठेवावे. पाऊस थांबतच नसेल तर पावसाळी आवरण आणि गादी सुटी करून घरात पंख्याखाली वाळवावी आणि उरलेला तंबू छप्पर असलेल्या पार्किंगमध्ये उघडून त्यावर टेबलफॅन लावावा. वाळला की नाही, हे कापडाच्या सपाट भागावरून ठरवू नये; कोपऱ्यातल्या शिवणी, चेनची पट्टी आणि गादीची खालची बाजू हाताच्या पाठीने तपासावी. किनाऱ्यावरून परतल्यावर चेन, बिजागऱ्या आणि नटबोल्ट गोड्या पाण्याने धुऊन वाळवावेत, आणि चेनच्या दातांवर मेणबत्ती घासावी, म्हणजे ती अडत नाही.

तंबू महिनोन्‌महिने वापरात नसेल तर तो छतावरून उतरवावा. इंधन वाचते आणि उन्हाने कापड विरत नाही. मेच्या अखेरीस कडक उन्हात दिवसभर उघडून, झाडून, शिवणी पाहून तो मिटावा आणि जमिनीपासून वर, फळ्यांवर आडवा ठेवावा. आत खाण्याचा कणही राहू देऊ नये, कारण पावसाळ्यात आडोसा शोधणारे उंदीर गादीपासूनच कुरतडायला सुरुवात करतात.